परस्परसंवादी आलेखांचे दोषनिवारण

परस्परसंवादी आलेखांचे दोषनिवारण म्हणजे जावास्क्रिप्ट या भाषेतील आलेख-लायब्ररी वापरून संकेतस्थळांवर काढलेल्या आलेखांतील चुका शोधणे, त्यांचे मूळ निश्चित करणे आणि त्या दुरुस्त करणे होय. डी३, चार्ट.जेएस, हायचार्ट्स, प्लॉटली आणि ईचार्ट्स या अशा प्रचलित लायब्ररी आहेत. त्यांच्या साहाय्याने काढलेला आलेख छापील चित्रासारखा स्थिर नसतो. वाचकाने एखाद्या बिंदूवर माउस नेला की त्याचे मूल्य दिसते, वर्ष बदलले की स्तंभ हलतात, नकाशावरील जिल्हा निवडता येतो. आलेख वाचकाच्या ब्राउझरमध्ये, पान उघडले जाते त्या क्षणी काढला जातो. त्यामुळे बनवणाऱ्याच्या संगणकावर निर्दोष दिसलेला आलेख दुसऱ्या देशात, लहान पडद्यावर किंवा नवी विदा आल्यानंतर बिघडलेला असू शकतो.

अशा आलेखांतील दोष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात आलेख उमटतच नाही किंवा उघडपणे विस्कटतो. हा दोष त्रासदायक असला तरी लपून राहत नाही. दुसऱ्या प्रकारात आलेख सुबक उमटतो, ब्राउझर कोणतीही तक्रार करत नाही, परंतु दाखवलेली माहिती खोटी असते. गहाळ नोंद शून्य म्हणून दिसते, तारीख एक दिवस मागे सरकते, एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जातो. हा दुसरा प्रकार अधिक गंभीर होय, कारण आलेख पाहून पाऊसमान, रुग्णसंख्या वा खर्च यांविषयी मत बनवणाऱ्या वाचकाला तो ओळखण्याचे कोणतेही साधन नसते.

## पार्श्वभूमी

ब्राउझरमध्ये आलेख काढण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एसव्हीजी या मार्गात प्रत्येक स्तंभ, रेषा आणि अक्षावरील आकडा हा पानाच्या रचनेतील स्वतंत्र घटक असतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो निवडून त्याची उंची, स्थान व रंग वाचता येतो. कॅनव्हास या मार्गात सर्व चित्र एकाच पृष्ठभागावर रंगवले जाते आणि रंगवून झाल्यावर तेथे केवळ पिक्सेल उरतात. डी३ बहुधा एसव्हीजीसह वापरली जाते, चार्ट.जेएस कॅनव्हासवर चालते, तर ईचार्ट्समध्ये दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत. दोष कोठे शोधावयाचा हे बऱ्याच अंशी या निवडीवर ठरते.

हायचार्ट्स ही लायब्ररी नॉर्वेतील हायसॉफ्ट या कंपनीने २००९ मध्ये प्रसिद्ध केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की व जेफ्री हीर यांनी प्रोटोव्हिस या आपल्या आधीच्या साधनानंतर २०११ मध्ये डी३ सादर केली. चार्ट.जेएस २०१३ मध्ये आली. प्लॉटलीची जावास्क्रिप्ट लायब्ररी २०१५ मध्ये मुक्त स्रोत करण्यात आली. ईचार्ट्सचा उगम चीनमधील बायडू या कंपनीत झाला असून पुढे ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प बनली.

यांपैकी डी३ इतरांहून वेगळी आहे. ती तयार आलेख देत नाही; प्रमाण, अक्ष, रेषा आणि विदेची घटकांशी जोडणी यांची हत्यारे देते. त्यामुळे डी३च्या आलेखातील चूक बहुधा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सूचनांमध्ये असते. इतर लायब्ररींना एक पर्यायसूची द्यावी लागते व आलेख त्या स्वतः काढतात. येथे निराळीच अडचण उद्भवते. पर्यायाचे नाव एका अक्षराने चुकले, किंवा तो पर्याय सूचीत एक पायरी वर वा खाली लिहिला गेला, तर बहुतेक वेळा त्रुटीसंदेश येत नाही. लायब्ररी अनोळखी पर्यायाकडे दुर्लक्ष करते आणि मूलभूत मांडणीनुसार आलेख काढते. ‘सांगितलेले ऐकत नाही’ अशा स्वरूपाच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

## निदानाची रीत

विदा, म्हणजे व्यवहारात जिला डेटा म्हणतात ती, पडद्यावर पोहोचेपर्यंत चार मुक्काम करते: मिळालेली फाइल, तिच्यातून वाचलेली मूल्ये, त्या मूल्यांपासून गणिताने काढलेली स्थाने आणि प्रत्यक्ष उमटलेले चित्र. निदानाचा मूळ प्रश्न एवढाच असतो की या साखळीत शेवटचा बरोबर मुक्काम कोणता. तो सापडला की दोष त्याच्या पुढच्याच टप्प्यात असतो. चित्राकडे पाहत पर्याय बदलत राहणे ही नवशिक्यांची सर्वसाधारण सवय आहे. तिच्यात वेळ तर जातोच, शिवाय मूळ चूक तशीच राहून तिच्यावर दुसरी चूक चढते.

पहिली कसोटी सोपी आहे. खऱ्या विदेच्या जागी हाताने लिहिलेल्या तीन संख्या द्याव्यात. आलेख नीट उमटला तर दोष विदेत आहे. तरीही उमटला नाही तर तो पानाच्या रचनेत किंवा लायब्ररीच्या वापरात आहे. त्यानंतर डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क पॅनेल पाहावे. फाइल सापडली नसल्यास तेथे ४०४ हा संकेतांक दिसतो. काही सर्व्हर मात्र फाइल न सापडताही २०० हा यशाचा संकेतांक देऊन त्रुटीचे पान पाठवतात. तेव्हा जेसन स्वरूपाची अपेक्षा असलेल्या फंक्शनला एचटीएमएल मिळते आणि पहिलेच चिन्ह ‘<’ अनपेक्षित असल्याचा संदेश कन्सोलमध्ये उमटतो. हा संदेश विदेविषयी आहे असे वाटते; प्रत्यक्षात तो चुकलेल्या पत्त्याविषयी असतो.

एसव्हीजी आलेखात एखादा स्तंभ दिसत नसेल तर तो घटक रचनेत आहे काय, हे आधी पाहावे. घटकच नसेल तर विदा जोडली गेलेली नाही. घटक असून त्याच्या उंचीच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे मूल्य असेल तर गणितापूर्वीच मूल्य बिघडले आहे. उंची योग्य असूनही स्तंभ अदृश्य असेल तर तो चौकटीबाहेर काढला गेला असावा, किंवा दुसऱ्या घटकाखाली झाकला गेला असावा. कॅनव्हासमध्ये ही सोय नसल्यामुळे लायब्ररीने तयार केलेली आलेख-वस्तू कन्सोलवर तपासावी लागते.

कन्सोलवर विसंबताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथे छापलेली वस्तू किंवा यादी उलगडली जाते तेव्हा ब्राउझर तिची त्या क्षणाची स्थिती दाखवतो, छापली त्या क्षणाची नव्हे. विदा नंतर बदललेली असल्यास तपासणाऱ्याला बदललेली विदा दिसते आणि तो निष्कारण गोंधळतो. छापण्यापूर्वी तिची प्रत काढणे किंवा थांबबिंदू लावून अंमलबजावणी मध्येच थांबवणे अधिक खात्रीचे असते.

## विदेतील दोष

### संख्या

सीएसव्ही फाइलमध्ये केवळ मजकूर असतो. डी३चे सीएसव्ही वाचणारे फंक्शन प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच देते. त्याचे संख्येत रूपांतर करणे वापरणाऱ्याचे काम असते. ते राहून गेले की जावास्क्रिप्ट त्रुटी न दाखवता स्वतःच्या नियमांनी चालते. १२ आणि १५ यांची बेरीज २७ न होता १२१५ होते, कारण अधिक हे चिन्ह मजकूर एकमेकांना जोडते. ८५०, १२०० आणि ९५ यांतील सर्वांत मोठे मूल्य डी३च्या कमाल-फंक्शनला विचारल्यास ते ९५ असे उत्तर देते. मजकुराची तुलना शब्दकोशाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा ८ व १ यांच्यानंतर येतो. त्या ९५ वर अक्ष बेतला गेला की १२००चा स्तंभ चौकट फोडून वर निघून जातो. पाहणाऱ्याला हा प्रमाणाचा दोष वाटतो, पण तो विदेचा असतो.

भारतीय लेखनपद्धतीतील स्वल्पविरामांमुळे आणखी एक पेच पडतो. सव्वा लाख ही संख्या फाइलमध्ये १,२५,००० अशी लिहिलेली असेल तर ‘नंबर’ हे फंक्शन तिचे नॅन करते, तर ‘पार्सफ्लोट’ पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून १ हे उत्तर देते. या दोहोंपैकी नॅन परवडला, कारण तो निदान आलेखात खिंडार पाडतो. १ मात्र अक्षालगतचा एक ठिपका होऊन बसतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. देवनागरी अंकांत लिहिलेल्या संख्याही या फंक्शनांना वाचता येत नाहीत. ब्राउझरमधील आंतरराष्ट्रीय संख्यास्वरूपाला मराठी भाषा सांगितल्यास ते लाख-कोटींच्या गटांसह देवनागरी अंक देते, ही दाखवण्यापुरती उत्तम सोय आहे. तोच मजकूर पुन्हा गणितासाठी वापरला की नॅन मिळतो. मूळ संख्या आणि दाखवावयाचा मजकूर वेगळे ठेवणे हाच यावर उपाय आहे.

रिकाम्या नोंदीचा प्रश्न सर्वांत फसवा. रिकाम्या मजकुराचे ‘नंबर’ने रूपांतर केल्यास शून्य मिळते, आणि ‘नल’ या मूल्याचेही शून्यच होते. ‘अनडिफाइन्ड’चे मात्र नॅन होते. ज्या महिन्यात पर्जन्यमापकाची नोंदच घेतली गेली नाही, तो महिना रेषालेखात कोरडा महिना म्हणून दिसतो. डी३मधील ‘ऑटोटाइप’ हे फंक्शन रिकाम्या नोंदीचे नल करते, आणि रेषा काढणाऱ्या फंक्शनला कोणती नोंद ग्राह्य आहे हे सांगितल्यास तेथे रेषा तुटलेली दाखवता येते. तुटलेली रेषा दिसायला ओबडधोबड असली तरी खरी असते. काही लायब्ररींत अशी फट सरळ रेषेने जोडण्याचा पर्याय असतो. तो वापरल्यास न घेतलेली नोंद घेतल्याचा आभास होतो. हवामानविषयक संचांत गहाळ नोंदीसाठी उणे ९९९ सारखी संख्या लिहिण्याची जुनी प्रथा आहे. ती न गाळल्यास सगळा आलेख वर दाबला जाऊन एक खोल दरी दिसते, आणि निदान या वेळी तरी चूक लपत नाही.

‘ऑटोटाइप’लाही मर्यादा आहेत. शून्याने सुरू होणारे संकेतांक ते संख्या समजते व पुढचे शून्य टाकून देते. जनगणनेतील ०१ हा राज्य-संकेतांक १ झाला की दुसऱ्या फाइलमधील ०१ शी तो जुळत नाही.

### तारखा

तारखांच्या हाताळणीत जावास्क्रिप्टची काही जुनी वैशिष्ट्ये आड येतात. महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून महिन्याच्या जागी ३ लिहिल्यास एप्रिल मिळतो. वेळ मिलिसेकंदांत मोजली जाते. सर्व्हरकडून आलेली सेकंदांतील वेळ तशीच दिल्यास अलीकडची सर्व विदा जानेवारी १९७० मध्ये गोळा होते. अक्षावर १९७० हे वर्ष दिसणे ही या चुकीची हमखास खूण आहे.

वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने संयोगचिन्हांसह लिहिलेली आणि वेळ नसलेली तारीख यूटीसी या जागतिक वेळेची मध्यरात्र समजली जाते. तिच्यापुढे वेळ लिहिली पण कालक्षेत्र लिहिले नाही, तर तीच तारीख स्थानिक वेळेची समजली जाते. या फरकामुळे ४ मार्च २०२४ ही नोंद न्यूयॉर्कमधील वाचकाला ३ मार्चच्या संध्याकाळची दिसते. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने येथे ती ४ मार्चच्या पहाटे साडेपाचची ठरते, दिवस बदलत नाही, आणि म्हणून भारतात बसून आलेख तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. उलट दिशेने मात्र तो भारतातही गाठतो. स्थानिक मध्यरात्रीची तारीख जेसनमध्ये साठवली की ती यूटीसीत जाते आणि ३ मार्च, १८ वाजून ३० मिनिटे अशी लिहिली जाते. तिच्यातील पहिली दहा अक्षरे कापून घेणाऱ्याला एक दिवस आधीची तारीख मिळते.

तिरक्या रेषांनी लिहिलेल्या तारखा प्रचलित ब्राउझर अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी मानून वाचतात. भारतीय पद्धतीने दिवस आधी लिहिलेली एप्रिल २०२४ ची रोजची विदा अशा प्रकारे वाचल्यास पहिल्या बारा दिवसांचे बिंदू जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांच्या ४ तारखांवर विखुरतात आणि उरलेले अठरा दिवस अवैध ठरून गळून पडतात. तीस नोंदींपैकी फक्त ४ एप्रिलची नोंद योगायोगाने जागेवर राहते. पडद्यावर मात्र वर्षभराचा बारा बिंदूंचा नीटनेटका आलेख उमटतो. तारखेचे स्वरूप स्पष्ट सांगून वाचणारे फंक्शन वापरावे आणि स्वरूप ओळखण्याचे काम ब्राउझरवर सोडू नये, ही या क्षेत्रातील सर्वमान्य शिफारस आहे.

### नावे आणि नकाशे

जिल्हावार नकाशात दोन फाइली जोडाव्या लागतात: एक सीमांची, दुसरी आकड्यांची. जोडणी नावावरून केली तर नावाचे दोन्हीकडील लेखन तंतोतंत सारखे असावे लागते. महाराष्ट्राच्या बाबतीत ही अट अनेकदा मोडते. २०११ च्या जनगणनेच्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जनगणनेचे आकडे आजच्या सीमांवर चढवल्यास पालघर कोरा राहतो आणि ठाण्याच्या कमी झालेल्या क्षेत्रावर अविभाजित जिल्ह्याची १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्या लादली जाते. लोकसंख्येची घनता दाखवणारा नकाशा असेल तर ठाण्याची घनताही खोटीच फुगलेली दिसते. उस्मानाबादचे धाराशिव, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यानंतर जुन्या-नव्या फाइलींची जोडणी याच प्रकारे तुटते. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही असल्यामुळे देशपातळीवर केवळ नाव पुरत नाही. संकेतांक वापरणे श्रेयस्कर.

देवनागरी लेखनात याहून सूक्ष्म भेद असतात. ‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ ला चंद्र जोडूनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती भिन्न असतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण करणारे फंक्शनही त्यांना एक करत नाही. ‘ऱ’ हे अक्षर आणि नुक्ता जोडलेला ‘र’ यांना मात्र ते एक करते. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हा यापेक्षा साधा, पण अधिक वेळा आढळणारा दोष होय.

भौगोलिक विदेत आणखी दोन खाचा आहेत. जिओजेसन या स्वरूपात आधी रेखांश व मग अक्षांश लिहितात, तर लीफलेटसारख्या नकाशा-लायब्ररीत क्रम उलट असतो. अदलाबदल झाल्यास पुण्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो. दुसरी खाच डी३ची आहे. ती पृथ्वीच्या गोलावर गणित करते आणि बहुभुजाची बाह्य सीमा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अपेक्षिते. जिओजेसनचे २०१६ चे मानक याच्या विरुद्ध दिशा सांगते. दिशा उलट असेल तर डी३ तो बहुभुज ‘हा जिल्हा सोडून उरलेली सारी पृथ्वी’ असा समजते आणि संपूर्ण चौकट एकाच रंगाने भरून जाते. नकाशाच्या जागी एकरंगी आयत दिसला की ही शक्यता प्रथम तपासावी.

## प्रमाण व अक्ष

एसव्हीजी आणि कॅनव्हास या दोहोंत उभ्या दिशेचे मापन वरून खाली होते, शाळेतील आलेखकागदाच्या अगदी उलट. प्रमाण ठरवताना हे विसरल्यास स्तंभ छताला लटकलेले दिसतात.

वर्गवारीच्या अक्षावर एकच नाव दोनदा आले तर डी३ ते एकदाच धरते. बिलासपूर हा जिल्हा हिमाचल प्रदेशात आहे तसाच छत्तीसगडमध्येही; दोघांचे स्तंभ एकाच जागी एकावर एक काढले जातात आणि उंच स्तंभाआड दुसरा दिसेनासा होतो. विदेत किती ओळी आहेत आणि डोळ्यांना किती स्तंभ दिसतात हे मोजून पाहिल्यास चूक उघडी पडते. ही मोजणी सहसा कोणी करत नाही. लघुगणकीय अक्षावर शून्य वा ऋण मूल्य दाखवता येत नाही. हायचार्ट्स त्यासाठी १० या क्रमांकाची त्रुटी देते. मजकूर-स्वरूपातील संख्या दिल्यास १४ क्रमांकाची, तर आडव्या अक्षावरील मूल्ये चढत्या क्रमाने नसल्यास १५ क्रमांकाची त्रुटी कन्सोलमध्ये दिसते. त्रुटींना क्रमांक देण्याची ही पद्धत दोष शोधणाऱ्यास फार सोयीची आहे.

डी३ने काढलेल्या रेषालेखात रेषेऐवजी काळा डाग उमटणे ही नवशिक्यांची नित्याची अडचण. एसव्हीजीमध्ये प्रत्येक आकाराचा मूलभूत भरण-रंग काळा असतो. भरण काढून टाकल्यावर रेषा तेवढी उरते.

## कोरी चौकट

आलेख अजिबात न उमटण्याची कारणे मोजकी आहेत. धारक घटक पानावर येण्याआधीच आलेख काढण्याची सूचना चालली, तर लायब्ररीला तो सापडत नाही. हायचार्ट्समध्ये ही १३ क्रमांकाची त्रुटी होय. धारक सापडला पण त्याची उंची शून्य असली, तर आलेख शून्य उंचीचा निघतो. न उघडलेल्या टॅबमध्ये ठेवलेल्या आलेखाचे असेच होते, कारण लपवलेल्या घटकाला माप नसते. ईचार्ट्स अशा वेळी रुंदी वा उंची मिळत नसल्याचा इशारा देते. टॅब उघडल्यानंतर आकार पुन्हा मोजण्याची सूचना द्यावी लागते.

विदा सर्व्हरवरून येण्यास वेळ लागतो आणि जावास्क्रिप्ट तिच्यासाठी थांबत नाही. आलेख काढण्याची सूचना विदा आल्यानंतर चालणाऱ्या भागात नसेल तर रिकाम्या यादीचा आलेख निघतो. वेगवान जोडणीवर काही वेळा विदा वेळेत येते आणि आलेख दिसतो. ‘माझ्याकडे तर चालते’ या वाक्यामागे पुष्कळदा हाच योगायोग असतो. पानाची फाइल संगणकावर थेट उघडल्यास सुरक्षेच्या नियमांमुळे शेजारची सीएसव्ही फाइल वाचता येत नाही. त्यासाठी स्थानिक सर्व्हर चालवावा लागतो.

## आलेख अद्ययावत करताना

जुन्या आलेखाच्या जागी नवा काढताना जुना नीट मोडला न गेल्यास दोन्ही एकाच वेळी जिवंत राहतात. चार्ट.जेएसच्या जुन्या आवृत्त्यांत माउस फिरवताच मागील वर्षाचे स्तंभ क्षणभर झळकत असत. तिसऱ्या आवृत्तीपासून कॅनव्हास आधीच वापरात असल्याची त्रुटी मिळते आणि ‘डिस्ट्रॉय’ वापरून आधीचा आलेख नष्ट करावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्टच्या १८ व्या आवृत्तीत विकासकाळातील कडक पद्धत प्रत्येक घटक मुद्दाम दोनदा उभारते. आवरासावरीची सूचना लिहिलेली नसल्यास पानावर एकाखाली एक असे दोन आलेख दिसतात.

ईचार्ट्समध्ये ‘सेटऑप्शन’ नवे पर्याय जुन्यांत मिसळते. तीन मालिकांच्या जागी दोन दिल्या तरी तिसरी जुनी मालिका आलेखावर राहते. मिसळू नये असे स्पष्ट सांगावे लागते. प्लॉटलीचे ‘रिॲक्ट’ हे फंक्शन यादी बदलली की नाही हे तिच्या ओळखीवरून ठरवते. त्याच यादीत नवी मूल्ये घातल्यास त्याला बदल कळत नाही. नवी यादी द्यावी किंवा विदेचा आवृत्ती-क्रमांक बदलावा.

डी३मध्ये विदा आणि घटक यांची जोडणी काही न सांगितल्यास क्रमाने होते. यादी गाळली वा तिचा क्रम बदलला की पहिल्या घटकाला नवी पहिली नोंद मिळते. स्तंभाची उंची प्रत्येक वेळी नव्याने ठरवली, पण नाव केवळ घटक प्रथम तयार होताना लिहिले, तर नव्या उंचीखाली जुनेच नाव राहते. स्तंभ सफाईने सरकतात, हालचाल देखणी असते, आणि नाशिकचा आकडा नागपूरच्या नावावर जमा झालेला असतो. प्रत्येक नोंदीची ओळख सांगणारे कळ-फंक्शन दिल्यास व नावेही उंचीबरोबर अद्ययावत केल्यास हा दोष टळतो.

## टूलटिप

माउस नेल्यावर दिसणारी माहितीची चौकट लुकलुकत असेल तर ती चौकट स्वतःच माउसखाली येत असते. माउस स्तंभावरून चौकटीवर गेला असे ब्राउझरला वाटते, चौकट लपते, माउस पुन्हा स्तंभावर येतो आणि हे चक्र चालू राहते. चौकटीने माउसच्या घटना स्वीकारू नयेत अशी शैली-सूचना दिल्याने ते थांबते. पान खाली सरकवल्यावर चौकट भलतीकडे दिसत असेल तर स्थान खिडकीच्या सापेक्ष मोजून पानाच्या सापेक्ष लावले गेले आहे. एसव्हीजीमध्ये नंतर काढलेला घटक वर येतो. शेवटी काढलेला पारदर्शक आयत खालच्या सर्व बिंदूंना माउसपासून तोडतो, जरी तो डोळ्यांना दिसत नाही.

## आवृत्त्यांतील तफावत

जालावर उपलब्ध असलेली बरीच उदाहरणे जुन्या आवृत्त्यांची आहेत व ती नव्या आवृत्तीवर चालत नाहीत. डी३च्या चौथ्या आवृत्तीत, २०१६ मध्ये, लायब्ररीचे लहान विभाग करण्यात आले व अनेक फंक्शनांची नावे बदलली. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत फाइल वाचण्याची पद्धत बदलली. २०२० च्या सहाव्या आवृत्तीत माउसच्या घटनेची माहिती सार्वत्रिक चलातून न मिळता फंक्शनला पहिले मूल्य म्हणून मिळू लागली. जुन्या पद्धतीने पहिल्या जागी नोंद अपेक्षिणाऱ्या टूलटिपमध्ये त्यामुळे ‘अनडिफाइन्ड’ असे दिसते. चार्ट.जेएसच्या २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीने अक्षांची पर्यायसूची नव्याने रचली. जुनी सूची दिल्यास ती मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. केवळ आवश्यक भाग आयात केले असतील तर अक्षाचा प्रकार नोंदवलेला नसल्याची त्रुटी येते, आणि कालदर्शक अक्षासाठी तारखांचे वेगळे जोडसाधन लागते. उदाहरण उतरवून घेण्यापूर्वी ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे पाहिल्यास बराच वेळ वाचतो.

## मोठी विदा

एसव्हीजीमध्ये घटकांची संख्या काही हजारांपलीकडे गेली की पान जड होते. अशा वेळी कॅनव्हास वापरतात किंवा बिंदू कमी करतात. हायचार्ट्स एका मालिकेत हजाराहून अधिक बिंदू असल्यास वेगवान मार्ग घेते व तेथे प्रत्येक बिंदू वस्तूच्या रूपात दिलेला तिला चालत नाही. म्हणून थोड्या विदेवर चाललेला आलेख विदा वाढताच बंद पडतो आणि १२ क्रमांकाची त्रुटी देतो.

बिंदू कमी करताना प्रत्येक दहावा बिंदू ठेवणे ही सोपी रीत असली तरी तिच्यात एकाच क्षणी आलेला पूर वा विजेचा झटका नेमका गळू शकतो. सरासरी घेतल्यास शिखरे बुटकी होतात. आइसलँड विद्यापीठातील स्वेन स्टीनार्सन यांनी २०१३ च्या आपल्या प्रबंधात मांडलेली पद्धत शेजारच्या गटांशी मोठ्यात मोठा त्रिकोण करणारा बिंदू प्रत्येक गटातून निवडते व रेषेचे दृश्य रूप बरेचसे टिकवते. ईचार्ट्स आणि चार्ट.जेएस या दोहोंत ती उपलब्ध आहे. तिच्यातही प्रत्येक गटातून एकच बिंदू उरत असल्याने मूळ विदेतील कमाल व किमान मूल्ये आलेखावर आली आहेत काय, हे स्वतंत्रपणे पडताळावे लागते.